गाडीची उजवी बाजू

फिटरची बायको त्या गाडीला सवत म्हणायची. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, लांब नाकाची स्पोर्ट्‌स कार होती ती. फिटरने ती कुणाच्या तरी शेडमधून भंगारात उचलून आणली, तेव्हा सीटखाली उंदरांनी संसार मांडला होता. लेक तेव्हा शाळेत जात होती. आता ती दुसऱ्या शहरात नोकरीला आहे. मधली सगळी वर्षं फिटर दिवसभर बसच्या डेपोत इंजिनं उघडायचा आणि घरी आला की चहा घशाखाली ओतून पुन्हा गॅरेजमध्ये शिरायचा. बायको दारातून विचारायची, आज ताट इकडे वाढू की तिच्याकडे? तो गाडीखालूनच हसायचा. भांडणं झाली नाहीत असं नाही. पण माणूस पीत नाही, पत्ते कुटत नाही, आपला आपण एका कोपऱ्यात रमतो, तेव्हा एवढी एक सवत खपवून घ्यायला काय हरकत आहे, असं ती कामावरच्या बायकांना सांगायची. शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या दुकानात ती काजं-बटणं आणि दुरुस्तीचं काम करायची.

गाडी होत आली होती. रंग झाला होता, इंजिन बसलं होतं. राहिलं होतं ते पोटाखालचं. चाकांना गाडीशी बांधून ठेवणारे अ‍ॅल्युमिनियमचे दांडे, ज्यांना फिटर आर्म म्हणायचा, आणि त्यांच्यामधलं गिअरबॉक्सचं कवच, सगळं इतक्या वर्षांच्या ओलीने पांढुरकं पडलं होतं, वर बुरशी धरल्यासारखं. हे कुणाला दिसणार आहे, असं बायकोने विचारलं होतं. मला दिसतं, असं तो म्हणाला होता. डाव्या बाजूचे आर्म त्याने घासून असे काढले की हातातला दिवा त्यात दिसायचा. मग तो उजवीकडे वळला.

त्या रविवारी दुपारी त्याने गाडी जॅकवर उचलली आणि खाली घोड्या लावल्या नाहीत. घोडी म्हणजे जाड लोखंडी तिवई. उचललेल्या गाडीचा भार तिच्यावर द्यायचा आणि मगच खाली शिरायचं, हे तो डेपोत नव्याने लागलेल्या माणसांना घसा कोरडा होईपर्यंत सांगायचा. त्या दिवशी त्याला फक्त आत घरंगळलेली पॉलिशची डबी काढायची होती. जॅक घसरला. बायको भांडी विसळत होती. तिला किंकाळी ऐकू आली नाही, नुसता पोतं टाकल्यासारखा आवाज आला. शेजाऱ्यांनी गाडी उचलून धरली आणि तिने त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. जीव वाचला. कंबरेखालचं सगळं गेलं.

हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर त्याने तोंडाला कुलूप घातलं. भरवलं तर खायचा, कूस बदलली तर बदलू द्यायचा, आणि भिंतीकडे बघत राहायचा. डेपोतली माणसं भेटायला आली ती थोडा वेळ अवघडून बसली आणि नंतर यायची बंद झाली. लेक दर सुट्टीला यायची, बाबांशी एकटीच बोलायची आणि स्वयंपाकघरात येऊन रडायची. घरात ती गाडी नको, हे सगळ्यांनाच वाटत होतं. शेवटी धाकट्या दिराने विषय काढला. गिऱ्हाईक आहे, दादा, तू फक्त हो म्हण.

फिटर भिंतीकडे बघतच म्हणाला, "उजवी बाजू राहिली आहे."

दिराला कळेना. वहिनीला कळलं. गाडी जाईल, पण अर्धवट जाणार नाही. दीर म्हणाला, मी एखादा माणूस बघतो. त्यावर फिटरने डोळे मिटून घेतले. बायकोला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, मी करते.

पहिल्या दिवशी तिच्याने खाली जाववलं नाही. तिने चटई अंथरली, दिवा लावला, डोकं आत घातलं आणि तशीच बाहेर येऊन नळाखाली तोंड धूत बसली. आत येऊन तिने ते त्याला सांगून टाकलं.  फिटर म्हणाला, मला खुर्चीत बसव.

तोपर्यंत ती चाकांची खुर्ची कोपऱ्यात घडी होऊन पडली होती. त्याला पलंगावरून तीत सरकवताना दोघांच्याही नाकी नऊ आले. तिने खुर्ची गॅरेजच्या दारात नेली. त्याने चारी घोड्या तिच्याकडून लावून घेतल्या, काढलेली चाकं गाडीच्या कडांखाली आडवी सरकवून घेतली, आणि मग म्हणाला, "आता गाडी हलवून बघ."

तिने हलवली.

"अशी नाही. ढकलून दे. पडायची असेल तर आत्ता पडू दे."

तिने खांदा लावून अंगातला सगळा जोर काढला. गाडी तसूभर हलली नाही. मग ती खाली गेली.

त्यानंतर दुकानातून आली की रोज दोघं गॅरेजमध्ये. आधी तेलकट चिकटा काढायचा. मग सौम्य द्रावण लावून ब्रशने घासायचं आणि वाळायच्या आत धुऊन टाकायचं. मोरी साफ करायची पावडर तिने एकदा गुपचूप आर्म जिथे बसतो त्या ब्रॅकेटच्या कोपऱ्याला लावून बघितली, काम लवकर होईल म्हणून, आणि तो कोपरा काळाठिक्कर पडला. फिटर खूप ओरडला. तिला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच कुणावर तरी ओरडला होता.

मग पॉलिश पेपर. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाण्यात बुडवून, एकाच दिशेने. उताणं पडून हात वर करून घासायचं, त्यामुळे खांदे भरून यायचे आणि काळं पाणी कोपरावरून काखेत उतरायचं. शेवटी पॉलिशचा बोळा आणि जुन्या बनियनचं फडकं. दारातून त्याला तिचे पायच दिसायचे, आणि तिला त्याच्या खुर्चीची चाकं. तोंडं दिसत नसल्याने असेल, पण बोलणं सोपं झालं. डेपोतल्या कुठल्या साहेबाला कुणी कुठलं टोपणनाव ठेवलं होतं ते त्याने सांगितलं. दुकानात एका बाईने चुकून दोन्ही डाव्या पायांची पॅंट शिवली ते तिने सांगितलं. मला तर तीही चालली असती, असं तो म्हणाला, आणि गाडीखाली ती इतकी हसली की पॉलिशचं पाणी तोंडात गेलं. एकदा तो म्हणाला, त्या दिवशी घोड्या भिंतीशीच होत्या, हाताच्या अंतरावर. ती घासत राहिली. मग म्हणाली, माहीत आहे.

पुढचे आर्म झाले, गिअरबॉक्सचं कवच झालं. फिटर आता जेवायलाही खुर्चीतच बसायचा. पलंगाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. घरी पाठवताना नर्सने दोघांना बजावलं होतं की बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, रोज पाठ आणि बूड बघायचं, कारण तिथे जखम झाली तरी त्याला दुखणार नाही. सुरुवातीला ती डोळ्यांत तेल घालून बघायची. मग त्यानेच सांगितलं की अंग पुसायचं मी माझं बघतो, सगळंच तुझ्यावर कशाला. तिला ते बऱ्याचं लक्षण वाटलं. तिने पाणी आणि टॉवेल पलंगाशी ठेवून दार लोटून घ्यायला सुरुवात केली.

मागचा शेवटचा आर्म तेवढा राहिला होता, तेव्हा एका सकाळी तिने खुर्चीवरच्या उशीची खोळ धुवायला काढली. आतल्या स्पंजवर तळहाताएवढा डाग होता, तपकिरी, कडेला हिरवट. वास आला. तिने ती उशी तशीच हातात धरून पुढची खोली गाठली, काही न विचारता त्याला कुशीवर वळवलं आणि पायजमा खाली केला. माकडहाडाच्या जागी खड्डा पडला होता. खोल, काळ्या कडांचा. त्याने त्यावर स्वतःच कापसाचा बोळा कोंबून ठेवला होता, गॅरेजमधलाच.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

त्याचं तोंड भिंतीकडे होतं. "बोललो असतो तर तू मला इथे पालथं टाकलं असतंस. महिनोन्‌महिने. पुन्हा ही भिंत." मग म्हणाला, "मला दुखत नव्हतं गं."

दिराने हॉस्पिटलची गाडी मागवली. तोवर फिटरला हुडहुडी भरली होती. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने जखम बघितली आणि विचारलं, हे सलग किती वेळ बसायचे?  दीर तिच्याऐवजी म्हणाला, बराच वेळ, कामात असायचे. डॉक्टरने मान वर करून बघितलं. विष रक्तात उतरलं होतं, हाडापर्यंत गेलं होतं. आधी आणायला हवं होतं, एवढंच डॉक्टर म्हणाले, आणि तेही रागाने नाही.

लेक आली. बाबांचे हात धरून बसली, आणि आईला बाहेर नेऊन म्हणाली, तुला कसं दिसलं नाही? लगेच तिचं तिलाच वाईट वाटलं, तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. पण विचारायचं ते विचारून झालं होतं.  आईच्या नखांत अजून पॉलिशचा काळा रंग होता. साबणाने जात नव्हता.

फिटर मधूनमधून शुद्धीवर यायचा. एकदा त्याने नीट ओळखलं आणि विचारलं, मागचा आर्म?

"झाला," ती म्हणाली.

"फडकं कसं निघालं शेवटी?"

"स्वच्छ."

त्याचे ओठ हलले. ती वाकली. "अ‍ॅल्युमिनियमवर फडकं कधीच स्वच्छ निघत नाही," तो म्हणाला. "घासशील तोवर काळं येतच राहतं."

ती त्याचा हात चोळत राहिली. घरी आलात की करू, असं म्हणाली.  दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

सगळे परत गेल्यावर ती एका दुपारी गॅरेजमध्ये आली. कुणी सांगायला नव्हतं, तरी तिने आधी खांदा लावून गाडी ढकलून बघितली. मग खाली जाऊन मागचा आर्म घासायला घेतला. रडू आलं नाही. राग आला, गाडीचा नाही, त्याचा. एवढ्याशा आर्मसाठी स्वतःचं हाड कुजू दिलं, आणि मला काम देऊन ठेवलं म्हणजे माझं लक्ष जाणार नाही, असा हिशोब केला. की तसं नव्हतंच? की तिचे पाय दिसत राहावेत, एवढंच होतं? विचारायला आता माणूस नव्हता. ती घासत राहिली, काळं येत राहिलं, आणि हात वर धरवेनात तेव्हा तिने थांबायचं ठरवलं.

दिराच्या गिऱ्हाइकाने गाडी घेतली. कागदांवर सही करायला तिला त्याच्या मेकॅनिकच्या वर्कशॉपमध्ये बोलावलं. लेक सोबत होती; ती बाहेर फोनवर बोलत थांबली. आत गाडी लिफ्टवर पार डोक्याच्या वर उचललेली होती. तिने ती खालून उभ्याने कधी बघितली नव्हती; दिव्याच्या उजेडात वीतभर तुकडा, मग पुढचा वीतभर, एवढंच. आता सगळं पोट एकदम दिसलं. डावी बाजू आरशासारखी होती. उजवी चमकत होती, पण निरखून बघितलं तर तिच्यावर घासल्याचे बारीक ओरखडे होते, आडवेतिडवे, आणि ब्रॅकेटचा एक कोपरा काळा.

मेकॅनिक हात पुसत आला. काम चांगलं केलंय कुणीतरी, म्हणाला. मग फवारणीच्या मशीनला पाइप जोडता जोडता त्याने सहज सांगितलं की मालक गाडी रोज चालवणार आहेत, उघडं अ‍ॅल्युमिनियम ओलीने पुन्हा पांढरं पडेल, म्हणून खालून सगळीकडे काळा लेप मारायचा आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा हात थांबला.

"तुमचं काही राहिलंय का, ताई?"

"नाही," ती म्हणाली. "मारा."

फवारा सुरू झाला तसा डांबरासारखा वास पसरला. तिने पदर नाकाला लावला आणि पुढचा एक आर्म काळा होईपर्यंत ती उभी राहिली. मग बाहेर आली. लेकीने फोन ठेवला आणि विचारलं, झालं? आई, आता तरी चल ना माझ्याकडे. इथे काय उरलंय?

 रस्ता ओलांडायचा होता, पण गाड्या थांबत नव्हत्या. लेकीने तिचा दंड धरला, आणि ती म्हणाली, "चल."