परशाची म्हापशाची खेप

"आता जे सांगतो त्याच्यावर कुणाचा बापबी इस्वास ठेवणार न्हाय." एवढं म्हटल्याशिवाय येळ्ळूरच्या भरमूच्या तोंडून गोष्ट बाहेर पडायची नाही. राजहंसगडावर एका वाघानं त्याला कन्नडात वाट विचारली, ह्यानं मराठीत सांगितली, म्हणून तो वाघ चुकून खानापूरच्या रानात शिरला आणि अजून तिकडंच फिरतोय, ही त्याची त्यातल्या त्यात साधी थाप. कट्ट्यावरची माणसं पोट धरून हसत आणि आपापल्या घरी जात. भरमू तेवढा उरे.

हल्ली घरातही तो एकटाच पडे. भाजीचा टेम्पो घेऊन म्हापशाला गेलेला, त्या खेपेपासून खोकल्याचं निमित्त करून बाहेरच्या सोप्यात झोपत होता. आत बायकोला, नीलमला ऐकू जावं म्हणून अंधारात उगाच खोकत राही. रक्त तपासायला सरकारी दवाखान्यापर्यंत गेला, तर फाटकात गावातलं माणूस दिसलं. तिथूनच मागं फिरला.

आज दुपारी नीलमनं त्याची वळकटी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. सूप घेऊन मसूर निवडायला बसली. आता सांगणं भागच होतं, आणि भरमूला सांगण्याची एकच रीत ठाऊक.

"कुणाचा इस्वास बसणार न्हाय बघ," तो म्हणाला, "पण आमच्या टेम्पोवाल्यांत खासबागचा एक परशा हाय."

हा परशा म्हापशात इतका प्यालता की बारवाल्यानं कंटाळून बारच त्याच्या नावावर करून दिला. नीलम हसली नाही. मग परशा एका बाईमागनं तिच्या खोलीवर गेलता. शुद्धीत असता तर गेला नसता. गेलाच असता तर निदान कंडोम तरी वापरला असता. पण दारूत काय केलं, काय नाही, काही आठवेना. आता बायकोजवळ जायचं त्याला भ्या वाटत होतं. तिला रोग लागला तर? आणि दवाखान्यात एकट्यानं जायला पाय उचलत नव्हते.

थाप काही रंगेना. भरमूला खराच खोकला आला.

"सकाळी जाग आली," तो सुपाकडं बघत म्हणाला, "तर कुणाच्या घरात झोपलतो, त्येच कळंना."

नीलमचं बोट मसुरात थांबलं.

"परशा आसता तर झोपलता म्हटला आसतासा," ती म्हणाली. "झोपलतो कोण?"