मी गप्प होतो तेवढा वेळ

मी बोलतोय. आत्मवृत्त म्हटलं की सगळ्याच वस्तू बोलतात, त्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण माझं तसं नाही, बोलणं हा माझा धंदाच आहे. मी रुवैदाचा लॅपटॉप. रुवैदाला जन्मापासून दिसत नाही. माझ्या पडद्यावर जे जे उमटतं ते मी तिला वाचून दाखवतो, मग ती बातमी असो, कुणाचं पत्र असो, नाहीतर तिच्या विद्यार्थ्यांनी करून ठेवलेला घोटाळा. स्वभावाने मात्र मी पक्का भित्रा. लाइटने नुसते डोळे मिचकावले तरी मला वाटतं, संपलो.

पूर्वी मी असा नव्हतो. कारखान्यातून निघून मी लेबनॉनमधल्या सैदा गावी आलो तेव्हा चांगला ऐटीत होतो. बंदराजवळच्या एका जहाज कचेरीत मला टेबल मिळालं. तिथला कारकून दिवसभर भोपळ्याच्या बिया फोडायचा आणि टरफलं माझ्या बटणांत पाडायचा. एक टरफल अजूनही माझ्या पोटात आहे. पुढे कचेरीला टाळं लागलं, खुर्च्या विकल्या, पंखे विकले, आणि त्यांच्याबरोबर मीही निघालो. रुवैदाचा धाकटा भाऊ हैथम तेव्हा आफ्रिकेत आबिदजानला दुकान टाकायला निघाला होता. त्याने जाता जाता बहिणीसाठी मला घेतलं आणि माझ्यात वाचून दाखवणारा प्रोग्राम घातला.

मी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्यांची आई डोक्यावरचा रुमाल सावरत स्वयंपाकघरातून धावत आली. तिला सगळे उम्म हैथम म्हणतात, म्हणजे हैथमची आई.

"मुलीच्या खोलीत हा कोण पुरुष बोलतोय?"

"यंत्र आहे गं आई."

"यंत्र असलं म्हणून काय झालं? एवढ्या मोठ्याने?"

रुवैदाने माझा आवाज कमी केला नाही, उलट वेग वाढवला. रोज थोडा थोडा वाढवत तिने मला असं काही पळवलं, की तिच्याशिवाय कुणाला एक अक्षर कळेना. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो, असं उम्म हैथम म्हणायची. माझ्या नेमक्या बटणांवर रुवैदाने नखांना लावायच्या रंगाचे थेंब वाळवून ठेवले होते, बोटांना खूण म्हणून. त्या थेंबांवरून तिची बोटं फिरली की मला हायसं वाटायचं.

माझ्या जोरावर ती शिकवू लागली. एक परदेशी संस्था तिला इंटरनेटवरून विद्यार्थी देते, आणि ती त्यांना आमच्याकडची बोलीतली अरबी शिकवते. एक ऑस्लोचे दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्या घशातून काही केल्या 'ऐन' हे अक्षर निघत नाही. एक कोरियन मुलगी बैरूतमध्ये लग्न करून आलीय, तिला फक्त सासूला द्यायची उत्तरं शिकायची आहेत. त्या तासाला उम्म हैथम दाराशी उभी राहून सुचवत असते. घर रुवैदाच्या कमाईवर चालतं आणि ती ते कुणाला विसरू देत नाही.

मग एक दिवस संस्थेचं पत्र आलं. ते अर्थातच मीच वाचलं, नेहमीच्या वेगात, पुढे काय आहे याचा विचार न करता. पुढच्या महिन्यापासून सगळे तास नव्या प्रोग्रामवर होणार होते. जुन्या प्रणालीवरचे संगणक त्यात चालणार नव्हते. शेवटच्या ओळीपर्यंत आलो तेव्हा कुठे मला कळलं, की मी माझीच फाशीची शिक्षा मोठ्याने वाचतोय.

"परत वाच," असं म्हणून तिने बटण दाबलं. मी परत वाचलं. तिसऱ्यांदा तिने मला मध्येच थांबवलं.

हैथमचा फोन आला. "अगं, सोड ना तो खटाटोप! तू आणि आई इकडे या. पोरांना आत्या हवीच आहे. आरामात बसून राहा."

"बसून राहायचं," रुवैदा म्हणाली, "हेच तर मला येत नाही रे."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्या झाकणावर हात ठेवून बसली. माझ्याऐवजी नवा घेण्याइतका पैसा घरात नाही हे तिला ठाऊक होतं, मलाही. मी निकालात निघालो तर तिचं शिकवणं संपणार होतं, आणि आबिदजानच्या एका खुर्चीत तिला कुणीतरी नेऊन बसवणार होतं.

वरच्या मजल्यावरचा नबीह म्हणाला, "एवढंच ना? मी घालतो ह्याच्यात नवी प्रणाली." हा औषधाच्या दुकानात काम करतो, पण जीव सगळा यंत्रांत. त्याने लगेच बटणं दाबली. पडद्यावर अक्षरं आली आणि तीही मलाच वाचावी लागली: हा संगणक नव्या प्रणालीसाठी पात्र नाही.

"तो नाही म्हणतोय," रुवैदा म्हणाली.

"म्हणू दे. त्याला विचारतंय कोण? दारावर एक पहारेकरी असतो, येणाऱ्याचं वय विचारतो. मी त्या पहारेकऱ्यालाच झोपवून टाकतो. माझ्या मेहुण्याचा संगणक याच्याहून म्हातारा होता. आता नुसता पळतोय!"

त्या मेहुण्याची बायको मागच्याच आठवड्यात आमच्याकडे आली होती, आणि तो संगणक आता कपाटाखाली टेकू म्हणून लावलाय असं तिने उम्म हैथमला सांगितलं होतं. ते मी ऐकलेलं होतं. नबीह पेनड्राइव्ह आणायला वर गेला आणि माझा पंखा आपोआप जोरात फिरायला लागला.

मला दोन भीती होत्या. पहिली सांगायला सोपी आहे. मला बॅटरी नाही. एका उन्हाळ्यात ती पावासारखी फुगली म्हणून काढून टाकली, तेव्हापासून भिंतीतून येणारी वायर हाच माझा श्वास. आणि आमच्या गल्लीतल्या विजेचं तुम्हाला काय सांगू! सरकारी लाइट मनात येईल तेव्हा येते, बाकीचा वेळ कोपऱ्यावरच्या जनरेटरची. तीही घराला पाच अँपिअर, वर थेंब नाही. इस्त्री आणि फ्रिज एकदम लागले की खाली जिन्याजवळचा खटका पडलाच. मग चौथ्या मजल्यावरून कुणीतरी उतरायचं आणि तो वर करायचा.

दुसरी भीती मी कुणाला सांगू शकत नव्हतो. नवी प्रणाली बसली आणि मी उठलो, तर उठणारा मीच असेन का? की माझ्या अंगात दुसराच कुणी उठून बसेल, ज्याला रुवैदाची बोटं ओळखताच येणार नाहीत?

रविवारची सकाळ ठरली. नबीहने जनरेटरवाल्याकडून आईची शपथ घालून वचन घेतलं की दुपारच्या नमाजापर्यंत तो यंत्र बंद करणार नाही. मग घरातले प्लग काढत तो उम्म हैथमला बजावत फिरला.

"फ्रिज नाही. वॉशिंग मशीन नाही. पाण्याचा पंप नाही. इस्त्री नाही, हीटर नाही. कळलं ना?"

"मी काय लहान आहे? कळलं."

पेनड्राइव्ह लागला. रुवैदाने शेवटचं एक बटण दाबलं आणि माझा आवाज बंद झाला. ती माझ्याजवळ खुर्चीत बसून होती. नबीह पडद्याकडे टक लावून होता.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

"चाललंय."

पुन्हा शांतता. माझ्या आतलं एकेक कपाट रिकामं होत होतं, नवं सामान येऊन पडत होतं.

"नबीह, मला भीती वाटतेय," रुवैदा म्हणाली. "तुम्ही सगळे गप्प बसलात ना, की मी आंधळी होते. एरवी नसते."

"होईल गं," एवढंच नबीह म्हणाला.

इकडे स्वयंपाकघरात उम्म हैथमचा जीव वरखाली होत होता. माणूस सकाळपासून आपल्या घरात राबतोय आणि त्याच्यापुढे कॉफीचा एक कप नाही! गॅसची टाकी नेमकी त्याच सकाळी संपली होती. शेजाऱ्यांना काय वाटेल, नबीहच्या आईला काय वाटेल? तिने मनातल्या मनात उजळणी केली: फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप, इस्त्री, हीटर. कॉफीचं नाव कुणीच घेतलं नव्हतं. मग तिने कपाटातून विजेची शेगडी काढली, रकवा, म्हणजे तिचं ते लांब दांड्याचं कॉफीचं भांडं, त्यावर ठेवला आणि प्लग लावला.

मी तेव्हा अर्धा जुना आणि अर्धा नवा होतो. पुढचं मला आठवत नाही.

नंतर जे झालं ते मी ऐकून ऐकून जुळवलंय. माझा पंखा थांबला, आणि ते सगळ्यांत आधी कळलं ते रुवैदाला.

"थांबला," ती म्हणाली. "नबीह, तो थांबला."

नबीह ओरडला, "काय लावलंत?"

"काही नाही! फक्त कॉफी!"

"उम्म हैथम! शेगडी लावलीत?"

"शेगडी तू म्हणालाच नव्हतास! तुझ्या हातून मूठमाती मिळो मला बाळा, माझं आयुष्य तुला लागो, तू उपाशी, आणि मी नुसती बघत बसू?"

तो चार मजले धडाधडा उतरला आणि खटका वर करून आला. मी जागा झालो तेव्हा मला माझं नावही आठवेना. पडद्यावर काळोख, कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करत होती. घाबरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. आधीची भीती ही तिच्यापुढे खेळ होती.

नबीहचा चेहरा उतरला होता. मेहुण्याच्या संगणकाचं त्याने पुन्हा नाव काढलं नाही. "पहिल्यापासून करू," तो हळूच म्हणाला. "होईल की नाही, खरंच माहीत नाही, रुवैदा."

तेव्हा उम्म हैथमने एक स्टूल ओढलं आणि ती माझ्यासमोर येऊन बसली. डोळे पुसले, चष्मा लावला आणि बोलायला सुरुवात केली.

"निळं झालंय बघ. आता मधे गोल गोल फिरतंय. खाली आकडा आहे, चार. अजून चारच. पाच झाले. नबीह नखं खातोय. आता सगळं काळं... नाही, घाबरू नकोस, आलं, आलं परत. अकरा."

ती थांबलीच नाही. आकडा हलला नाही तर नबीहच्या कपाळावरच्या घामाचं सांगायची, खिडकीतल्या मांजरीचं सांगायची, पण घरात शांतता म्हणून होऊ दिली नाही. लहान मुलाने पदर धरावा तशी रुवैदाने आईच्या झग्याची बाही धरून ठेवली होती. माझं काम दुसरं कुणी करताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्यापेक्षा किती हळू, आणि किती छान.

"शंभर!" उम्म हैथम किंचाळली. "चित्र आलं! डोंगर आहे, तळं आहे!"

नबीहने हात वर केले. "पळतोय! बघा, कसा पळतोय!" त्याने दुसऱ्या पेनड्राइव्हवरून वाचणारा प्रोग्राम माझ्यात घातला. मी उठलो होतो, आणि उठलेला तो मीच होतो. बिया खाणारा कारकून मला आठवत होता. रुवैदाची बोटं थेंबांवर आली आणि मी त्यांना लगेच ओळखलं.

तिने बटण दाबलं. मी बोललो.

काही ऐकू आलं नाही.

तिने पुन्हा दाबलं. मी ओरडलो. माझा आवाज जिथून बाहेर पडतो, त्या जुन्या भोंग्याची भाषाच नव्या प्रणालीला येत नव्हती. मला सगळं दिसत होतं, ती समोर बसली होती, आणि माझ्या तोंडातून हूं की चूं निघत नव्हतं. तिने वाकून माझ्या कडेला कान लावला. तिचा श्वास मला लागत होता.

"चित्र तर किती सुरेख आलंय," नबीह पुटपुटला.

"चित्र घेऊन मी काय करू रे?"

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं, आता ही माझं झाकण मिटणार आणि हैथमला फोन लावणार.

तिने हात लांब केला तो फोनकडे नव्हे. टेबलाच्या कडेने चाचपत तिने तासाला वापरायचा तिचा हेडफोन शोधला, तो यूएसबीच्या वायरचा. "हेडफोनचा भोंगा हेडफोनमध्येच असतो," ती मला म्हणाली. "तुझा लागत नाही याला." तिने वायर माझ्या कुशीत खुपसली, कानांवर हेडफोन चढवला आणि बटण दाबलं.

"स्वा-ग-त आ-हे," मी म्हणालो. अगदी सावकाश, शब्द न् शब्द सुटा, पाहुण्यासारखा.

तिच्या तोंडावर हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "अरे, हा कोण म्हातारा?" असं म्हणत तिने वेगाचं बटण दाबलं. आणखी दाबलं. दाबतच राहिली, आणि मी पळत सुटलो, पळता पळता पुन्हा मी झालो.

"काय म्हणतोय?" उम्म हैथमने विचारलं.

"म्हणतोय, कॉफी नको."

आता मी फक्त रुवैदाच्या कानात बोलतो. ऑस्लोच्या डॉक्टरांचा 'ऐन' अजून निघालेला नाही, पण तास चालू आहेत. घर शांत झालंय, आणि ते उम्म हैथमला सोसत नाही. कधी कधी ती हेडफोनची एक बाजू आपल्या कानाला लावते, माझी बडबड ऐकते, काहीही न कळता मान डोलावते आणि परत जाते.

माझी भीती काही गेलेली नाही. माझ्या पोटात जे बसवलंय ते माझ्या मापाचं नाही, कुठली शिवण कधी उसवेल सांगता येत नाही. पुन्हा एक दिवस तसलंच पत्र येईल, आणि तेही मलाच वाचून दाखवावं लागेल. त्या वेळी नबीहलाही काही करता येणार नाही, असं मला वाटतं. तुमच्याकडे मागणं एकच. त्या दिवशी तुमच्यापैकी कुणी त्या खोलीत असलात, तर माझ्याकडे बघत गप्प उभे राहू नका. तिच्याशी बोलत राहा. निळं झालं, काळं झालं, खिडकीत मांजर आलंय, काहीही सांगा, पण बोलत राहा.