वरच्या मजल्यावरचं चित्र

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लॅपटॉपला नाक लावून काम करणं आता बंद. बारीक रेघा मोठ्या पडद्यावर बघा, लांबून बघा, नाहीतर आहे ती नजरही जाईल. बाई घरांचे नकाशे काढायच्या. एका इमारतवाल्या कंपनीत उभं आयुष्य गेलं, आणि आता तेच काम घरी बसून चालायचं. नजर गेली तर पोट गेलं, म्हणून त्या दिवशी त्या थेट कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या.

दुकानदाराने दोन डब्या दाखवल्या. एक बोटाएवढी, ती लॅपटॉपला लावायची. दुसरी जरा मोठी, ती टीव्हीच्या मागे. मध्ये वायर नाही, लॅपटॉपवर जे असेल ते हवेतून टीव्हीवर. तेवढ्यात आणखी एक गिऱ्हाईक असंच काहीतरी मागत आलं, घाईत असलेली एक बाई. दुकानदाराने दोन्ही खोकी फोडून एकदमच चालवून दाखवली आणि एकदमच बांधून दिली.

घरी येऊन बाईंनी दोन्ही डब्या लावल्या. दिवे लागले, पण टीव्ही निळाच राहिला. त्यांनी दुकानात फोन केला.

"लावून ठेवा," दुकानदार म्हणाला. "कधी कधी वेळ लागतो, मग आपोआप पकडतं. नाहीच झालं तर बघतो मी, पण सध्या बाहेरगावी निघालोय. आल्यावर या."

बाईंनी लावून ठेवलं आणि पुन्हा लॅपटॉपला नाक लावून बसल्या.

घरात त्या एकट्याच. मोठी बहीण होती तोवर दोघी असायच्या. बहीण सतत बोलायची आणि बाई सतत 'हं' म्हणायच्या. बहीण गेली आणि बाईंना कळलं की आपल्याला 'हं' म्हणायलाही कुणी लागतं. कंपनीचं काम ईमेलवर यायचं आणि ईमेलवरच जायचं. कधी संध्याकाळी भाजीवाल्याला "अर्धा किलो" म्हणताना घसा बसल्यासारखा आवाज निघायचा, तेव्हा त्यांच्या लक्षात यायचं की आज तोंड उघडण्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एका जिन्याचा नकाशा काढत होत्या, आणि टीव्ही बोलला.

"हे काय आहे?"

बाई दचकल्या. टीव्हीवर भलामोठा कप होता. पांढरा, कानाचा, मागे काही नाही. आवाज बायकी होता, गोड, पण यंत्रातला. थोडा वेळ गेला.

"पुन्हा म्हणा," आवाज म्हणाला.

पुन्हा शांतता.

"पुन्हा म्हणा. क... क..."

बाईंना वाटलं, कुठल्या तरी लहान मुलाचा अभ्यास आपल्याकडे आलाय. कपानंतर किल्ली आली, मग खुर्ची, मग दार. दर चित्रानंतर तीच शांतता आणि तेच "पुन्हा म्हणा". लहान मूल इतकं चुकत नाही. आणि लहान मूल इतका वेळ एका जागी बसतही नाही. पलीकडचा माणूस मात्र उठत नव्हता. त्याचा आवाज येत नव्हता, फक्त यंत्राचा येत होता, पण बराच वेळ खटपट झाल्यावर जेव्हा यंत्र "छान" म्हणालं, तेव्हा बाई खुर्चीत मागे टेकल्या. माउसवरचा हात कधीचा थांबला होता, त्यांना कळलंच नव्हतं.

रोज दुपारी चित्रं येऊ लागली. बाईंनी टीव्ही बंद करायला हवा होता. हे दुसऱ्याच्या घरातलं आहे, हे त्यांना समजत होतं. पण दुपार झाली की त्या टीव्ही लावायच्या, नकाशा पुढ्यात घ्यायच्या आणि वाट बघायच्या. कुणी तरी शब्द गमावून बसलंय आणि एकेक शोधतंय, एवढं त्यांनी ताडलं होतं. शांतता फार लांबली की त्या हळूच म्हणायच्या, "छत्री. म्हणा, छत्री." मग स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळायच्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायच्या. इतके शब्द त्या घरात कित्येक महिन्यांत उच्चारले गेले नव्हते.

ही चित्रं कुणाच्या घरातली ते त्यांना एका रविवारी कळलं. टीव्हीवर चित्रांऐवजी एक चेहरा आला. चाळिशीची बाई, केस घाईत बांधलेले. बाईंनी तिला ओळखलं. दुकानात शेजारी उभी होती ती हीच, आणि नंतर जिन्यात बॅग घेऊन उतरताना दिसली होती तीही हीच. वरच्या मजल्यावरच्या घुम्याची मुलगी.

घुम्या हे नाव इमारतीने ठेवलं होतं. हिवाळ्यात राहायला आलेला, सत्तरीच्या पुढचा, अंगाने भक्कम माणूस. कुणी नमस्कार केला तर तोंड उघडायचा, मिटायचा आणि मान खाली घालून पुढे जायचा. लोक म्हणायचे, तोंडात मूग धरून बसलाय, एवढा कसला ताठा. बाईही तसंच समजत होत्या.

"बाबा, आता चित्रं मोठी दिसतात ना टीव्हीवर?" मुलगी विचारत होती. "मी लावून दिलंय ते. काढू नका हं. मान हलवा नुसती. दिसतात? हां, छान."

चित्रं त्याच्या टीव्हीवर नव्हतीच, इथे होती. तो गृहस्थ इतके दिवस हातातल्या छोट्या टॅबवर बघत होता आणि हे सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हते.

"बाबा, आम्ही ठरवलंय," मुलगी पुढे म्हणाली. "तुम्हाला आमच्याकडे आणायचं. मला माहितेय तुम्हाला नको आहे. पण रात्री-बेरात्री काही झालं तर तुम्ही हाक कशी मारणार? बाबा, असं बघू नका ना माझ्याकडे..."

बाईंनी टीव्ही बंद केला. कानावर पडायचं ते पडून गेलं होतं. त्या स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत राहिल्या.

सकाळी त्या वर गेल्या. बेल वाजवताना चोरी कबूल करायला आल्यासारखं वाटत होतं. घुम्याने दार उघडलं आणि नमस्काराच्या जागी नेहमीसारखं तोंड उघडून मिटलं.

"मी खाली राहते," बाई म्हणाल्या. "तुमच्या टीव्हीचं जरा... आत येऊ?"

तो बाजूला झाला. खोलीत एक खुर्ची, एक टेबल, भिंतीशी पलंग. आणि समोर टीव्हीवर बाईंचा जिना. काल अर्धवट सोडलेला, वळणावर एक पायरी कमी पडत होती तो. बाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या खोलीतून निघालेल्या रेघा इतके दिवस इथे येत होत्या.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

त्याने टीव्हीकडे बोट केलं, मग बाईंकडे. भुवया वर गेल्या.

"हो, मीच काढते. दुकानात डब्यांची अदलाबदल झाली. तुमचं माझ्याकडे येतं, माझं तुमच्याकडे." पुढचं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं. "म्हणजे तुमची चित्रं. कप, किल्ली. ती मला दिसत होती. तुमचा आवाज नाही यायचा, शप्पथ. नुसतं ते यंत्र काय म्हणतं ते."

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो टेबलापाशी गेला, टॅबला लावलेली बोटाएवढी डबी उपटली आणि त्यांच्या हातावर ठेवली. नजरेला नजर दिली नाही.

"काल तुमच्या मुलीचा फोनही..." बाई म्हणाल्या, "मी लगेच टीव्ही बंद केला. पण थोडं ऐकू आलं. ते सांगायलाच आले."

त्याने मान हलवली आणि दाराकडे पाहिलं. बाई खाली आल्या, आपली डबी नेऊन त्याच्या हातात दिली, आणि दार लागलं.

डब्या बदलल्या आणि सगळं सुरळीत झालं. जिना टीव्हीवर मोठा दिसू लागला, रेघ न् रेघ स्पष्ट. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं बाई लांबून बघत होत्या. डोळ्यांना आराम पडला. दुपारी मात्र त्यांचे कान आपोआप टवकारायचे. वर कुठला शब्द चालू असेल, त्याला जमला असेल का, हे आता कळायला मार्ग नव्हता. पूर्वीही एकट्याच होत्या, पण या एकटेपणाला आता वेळ ठरली होती.

काही दिवसांनी बेल वाजली. दारात घुम्या, काखेत टॅब. आत आला आणि खुर्चीवर बसून त्याने टॅब पुढे केला. पडद्यावर कंदील होता. त्याने यंत्राचा आवाज बंद केला, हाताने झटकून टाकल्यासारखं केलं आणि बाईंकडे बघत राहिला.

"हिचा कंटाळा आला?" बाईंनी विचारलं.

त्याने जोरात मान हलवली.

"मी विचारू?"

पुन्हा मान.

"बरं. हे काय आहे?"

तो झगडला. ओठ गोळा व्हायचे, गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या, आणि भलताच शब्द बाहेर पडायचा. कंदिलाला तो "बैल" म्हणाला. म्हटल्याबरोबर त्यालाच कळलं आणि त्याने कपाळावर हात मारला. बाईंना हसू आवरलं नाही. मग तोही हसला. हसायला त्याला काही अडत नव्हतं.

तेव्हापासून तो रोज दुपारी यायचा. बाईंनी एक शिकून घेतलं, वाट बघायची. त्याचा शब्द मध्येच हिसकावून घ्यायचा नाही. नकाशे काढणाऱ्याला वाट बघायची सवय असतेच. हळूहळू कळलं की मेंदूचा झटका येऊन वाचा जाण्याआधी तो बाजारात लिलाव पुकारायचा. आवाज असा की शेवटच्या गाड्यापर्यंत ऐकू जावा. गंमत म्हणजे आकडे त्याला यायचे, पण ओळीनेच. पाच म्हणायचं असेल तर एकपासून निघावं लागायचं. "एक, दोन, तीन, चार, पाच," असं म्हणत तो धावत यायचा आणि पाचावर कसाबसा थांबायचा.

"गाडीला ब्रेक नाही," बाई म्हणायच्या.

"ब्रेक... नाही," तो म्हणायचा. हे दोन शब्द त्याला पहिल्याच फटक्यात आले होते.

मध्येच तो टीव्हीकडे बोट करून बाईंना काम करायला सांगायचा, आणि स्वतः चहाचा कप धरून रेघा पुढे सरकताना बघत बसायचा. वरच्या खोलीत तो तेच करत होता, हे एकदा त्याने सांगितलं. सांगायला अर्धी दुपार गेली. "रेघ... चालते. मग... बरं. कोणी... आहे." बाईंनी 'हं' म्हटलं आणि पडद्याकडे तोंड फिरवलं.

महिना संपला आणि मुलगी आली. ती एकटी खाली आली आणि दारातच उभी राहिली.

"मावशी, बाबा म्हणतात तुमच्यामुळे बोलायला लागले. म्हणजे, म्हणतात असं नाही, पण मला कळलं."

"आणखी थोडे दिवस राहिले असते तर," बाई म्हणाल्या.

"मला झोप लागत नाही हो तिकडे. फोन वाजला की छातीत धस्स होतं." मुलीचे डोळे भरून आले. "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

रात्री त्याने हाक मारली असती तर ती खालपर्यंत आली असती का, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं वाक्य पुरं करू नका. वेळ लागू द्या."

गाडीत सामान चढल्यावर तो निरोप घ्यायला आला. बरंच काही बोलायचं होतं, ते सगळं एकदम दाराशी येऊन अडकलं. मुलगी "बाबा म्हणतायत की..." असं सुरू करणार होती, पण बाईंनी हात वर केला. तिघं थांबले. खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला. शेवटी तो इतकंच म्हणाला, "जिना... झाला?"

"झाला. गेला सुद्धा. आता शाळेचा आलाय."

त्याने मान डोलावली, जणू काळजीचं एक काम मिटलं होतं, आणि गेला.

त्यानंतर तो फोन करायचा. पहिल्या फोनवर बराच वेळ नुसता श्वास होता, मग "बा... ई". बाई कान लावून बसून राहिल्या. पुढच्या फोनला दोन वाक्यं आली, त्याच्या पुढे चार. तिकडे एक शिक्षिका रोज बोलायला शिकवायला येत होत्या, नातवंडं दिवसभर प्रश्न विचारून भंडावत होती. त्याच्या डॉक्टरांना वाटलं होतं त्यापेक्षा त्याचं बरंच चांगलं झालं. आवाज भरत गेला तसे फोन विरळ होत गेले. वर नवे भाडेकरू आले, नवराबायको, दोघंही नोकरीला. दुपारभर छतातून काही ऐकू यायचं नाही.

उन्हाळ्यात एकदा त्याचा फोन आला. धाकट्या नातीने पोहायला शिकून घेतलं, थोरला तिकडच्या बाजारात त्याला घेऊन गेला, तिथला लिलाव किती फुसका, माणसाला ओरडताच येत नाही, हे सगळं त्याने घडाघडा सांगितलं. एखादा शब्द अडला तर तो दुसऱ्याच बाजूने जाऊन वाक्य पुरं करायचा. बाई थांबायला तयार बसल्या होत्या, पण थांबावं लागलंच नाही.

"बरं, ठेवतो," तो म्हणाला. "हाका मारतायत. जेवायला."

"जा, जा. जेवा."

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

बाईंनी उत्तर जुळवायला घेतलं. सांगण्यासारखं काय होतं, ते त्या शोधत होत्या. पलीकडे कुणीतरी पुन्हा हाक मारली, तो हसून "आलो, आलो" म्हणाला आणि फोन बंद झाला.

"हो," बाई म्हणाल्या. "बरी आहे."

मग त्या उठल्या, चष्मा पुसला आणि शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या काढायला बसल्या.