एका अनुभवी इंजिनिअरची चूक

शरच्चंद्र मुळ्येचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकतो. लोक असल्या गोष्टी लपवतात. मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली, आता लपवून काय मिळवायचंय?

आम्ही दोघं उज्जैनच्या एकाच तांत्रिक विद्यालयात मास्तर. मी मेकॅनिकलचा, त्याच्याहून सहा वर्षांनी सीनिअर. एकोणीसशे पन्नासमध्ये विलायतेला जायची एकच शिष्यवृत्ती निघाली. अर्ज दोघांनीही केले. गेला तो. परत आला तो ‘ह्यूमन इंजिनिअरिंग’ नावाचं शास्त्र घेऊन. यंत्र माणसाच्या हाताला, डोळ्याला, पाठीला जुळतं का, हे तपासायचं शास्त्र. टॉवर चौकात चहा पिताना चारचौघांत मी म्हणालो, “आता यंत्राला माणसाचे लाड शिकवणार म्हणे.” सगळे हसले. तोही हसला, ते मला आवडलं नाही.

घरी तर बोलायची सोयच नव्हती. “शरदभावजी म्हणाले, चूल वीतभर उंच घ्या. माझी पाठ दुखायची थांबली बघा,” असं माझी बायको विनोदिनी येईल त्याला सांगत सुटायची. चौदा वर्षं ती पाठ माझ्यासमोर दुखत होती. मला काही सुचलं नव्हतं.

छप्पनच्या नोव्हेंबरात मध्यभारत राज्य संपलं आणि नवा मध्यप्रदेश झाला. आमच्या फायली भोपाळला गेल्या. वेगवेगळ्या राज्यांच्या ज्येष्ठतेच्या याद्या एकमेकांत कालवल्या गेल्या, आणि त्या गोंधळातून बातमी आली की आमच्या विद्यालयाला प्रोफेसरची एक जागा मिळणार. उमेदवार आम्ही दोघं. मी पंचेचाळिशीचा होतो. ही जागा गेली असती तर दुसरी येणार नव्हती.

त्याच थंडीत स्टेशनापलीकडच्या एका कापसाच्या प्रेसमध्ये अपघात झाला. गाठी दाबायच्या नव्या यंत्रावर विष्णू नावाचा कामगार होता. साथीदाराचा हात आत असताना त्याने यंत्र थांबवायचं सोडून आणखी खाली आणलं. साथीदाराची तीन बोटं गेली. मालकाने विद्यालयाकडे अहवाल मागितला. मी एका दुपारात लिहून दिला: कामगाराचा निष्काळजीपणा. विष्णूला कामावरून काढलं.

शरच्चंद्र मात्र तिथे आठ दिवस कापसाच्या बोऱ्यांवर बसून राहिला. यंत्राकडे बघतच नव्हता, माणसांचे हात बघत होता. मग त्याने आपला वेगळा अहवाल थेट भोपाळला पाठवला. जुन्या यंत्राचा दांडा आपल्याकडे ओढला की यंत्र थांबायचं. नव्याचा पुढे ढकलला की थांबतं, ओढला की दाबतं. विष्णूने वीस वर्षं जुनं यंत्र चालवलं होतं. माणूस घाबरला की हात जुन्याच वाटेने जातो, असं शरच्चंद्राचं म्हणणं. माझा अहवाल खोटा ठरवायची चाल, एवढंच मला त्यात दिसलं.

दोन अहवाल, दोन निकाल, म्हणून भोपाळहून तीन साहेब प्रेसमध्ये आले. प्रोफेसरची जागाही तेच भरणार होते. साक्षीसाठी विष्णूलाही बोलावलं होतं. शरच्चंद्र समजावून सांगू लागला आणि साहेब माना डोलवू लागले. माझा जीव जळायला लागला. मी मध्येच बोललो.

“साहब, ये सब अनपढ़ आदमी की बातें हैं. जानकार आदमी ऐसी गलती कर ही नहीं सकता. मैं खुद चलाकर दिखाता हूँ.”

शरच्चंद्र मला बाजूला घेऊन म्हणाला, “यज्ञेश्वरराव, राहू द्या. बेकार झंझट कशाला? हे कुणाच्याही हातून होतं.”

“घाबरलास?”

“तुमच्यासाठी घाबरलो.”

हरतोय म्हणून टाळतोय, असं मला वाटलं. मी दांड्याशी उभा राहिलो.

माणसाच्या हाताऐवजी कापूस भरलेला एक हातमोजा दोरीला बांधला होता. तो केव्हा आत सरकेल ते मला सांगितलं नव्हतं. दिसला की यंत्र थांबवायचं. पुढे ढकल, पुढे ढकल, असं मी मनात घोकत होतो. आमच्या वर्कशॉपमध्ये त्या जुन्याच जातीचं यंत्र होतं आणि अठरा वर्षं मी ते मुलांना शिकवलं होतं, याची मला आठवणही झाली नाही. दहा मिनिटं काहीच घडलं नाही. एका साहेबांनी नव्या इमारतीबद्दल विचारलं, मी उत्तर द्यायला वळलो, तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “हाथ है अंदर.”

मी दोन्ही हातांनी दांडा छातीपर्यंत ओढला.

मोज्याच्या शिवणीतून कापूस बाहेर आला. मी ओढतच होतो. शेवटी विष्णूने पुढे येऊन माझ्या हातातला दांडा ढकलला. मघाशी ओरडलाही तोच होता.

“होता है, मास्साब,” तो हळूच म्हणाला. “मेरे से भी यही हुआ था.”

कुणीही हसलं नाही. दांडा उलटा बसवला गेला, विष्णू कामावर परतला आणि शरच्चंद्र प्रोफेसर झाला. त्याच्या शेवटच्या अहवालात एक ओळ होती: ‘अठरा वर्षांचा अनुभव असलेल्या इंजिनिअरच्या हातूनही हेच घडले. दोष त्यांचा नाही.’ नाव नव्हतं.

पुढे दरवर्षी त्याचं पहिलं व्याख्यान याच गोष्टीचं असे. शेजारच्या वर्गात मला सगळं ऐकू यायचं. “त्यांना मूर्ख समजू नका, ते माझ्याहून चांगले इंजिनिअर होते,” असं तो सांगायचा. मग तीच मुलं माझ्या तासाला येऊन विचारायची, “सर, ते कोण होते?” मी फळा पुसत राहायचो. तो एकदा तरी माझ्यावर हसला असता, तर मी त्याला मनसोक्त शिव्या घालून मोकळा झालो असतो. तो हसला नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या निवृत्तीचा समारंभ झाला. मी केव्हाच निवृत्त झालो होतो, पण मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. भाषणात त्याने तीच गोष्ट सांगितली, पुन्हा बिननावाची. मला सहन होईना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “तो इंजिनिअर मी.”

मग अख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. सगळ्यांची तोंडं शरच्चंद्राकडे होती. वीस वर्षं त्याने माझं नाव झाकून ठेवलं, म्हणून.