तेरावा हात

आमच्या सुरमुंत गावाचं विलीनीकरण ठरलं तो रविवार होता. चर्च सुटल्यावर सगळे तसेच शाळेत आले, अंगावर चांगले कपडे, बायकांच्या हातात अजून प्रार्थनेची पुस्तकं. शाळा बंद होऊन सहा वर्षं झाली होती. ग्रामसभा तेवढी तिथे भरायची. मी गावची कारकून. एकोणीस वर्षं इतिवृत्त लिहिलं, दाखले दिले, हरवलेल्या गायींच्या तक्रारी नोंदवल्या. सभेत हात मोजायचं कामही माझंच.

विलीन व्हायचं होतं ते खालच्या प्लाउनमध्ये. प्लाउन मोठं, तिथे रेल्वे थांबते, दवाखाना आहे, आणि सगळा कारभार जर्मनमध्ये चालतो. आमचं गाव रोमान्श बोलणारं, ती मूठभर डोंगरी गावांची जुनी भाषा. तसं जर्मन सगळ्यांना येतं. पण येणं वेगळं.

खरं सांगायचं तर मला विलीनीकरण हवंच होतं. पंचायतीच्या पाच जागांपैकी दोन वर्षानुवर्षं रिकाम्या. अध्यक्ष गिएरी देरुंग्स एकाहत्तर वर्षांचे, छातीत यंत्र बसवलेलं, तरी दर निवडणुकीला नको नको म्हणताना लोक त्यांनाच निवडून द्यायचे. एकदा मला म्हणाले, "मेंगिया, मी मेलो तरी हे लोक मला बहुमताने अध्यक्ष करतील बघ." आम्ही दोघंही दमलो होतो. आणि प्लाउनच्या लोकांनी मला शब्द दिला होता की त्यांच्या कार्यालयात माझी जागा पक्की. हे गावात कुणाला माहीत नव्हतं. माझ्या मैत्रिणीलाही नाही.

मैत्रीण म्हणजे नेसा तुओर. त्याच शाळेत ती शिक्षिका होती. आम्ही एका वर्गात शिकलो, एका वर्षी लग्नं केली, तीन वर्षांच्या अंतराने विधवा झालो. ती विलीनीकरणाच्या ठाम विरोधात.

"अगं, नळाचे पाइप सडलेत, पंचायतीला माणूस मिळत नाही, करायचं काय?" मी विचारायचे.

"मला तिथल्या सभेत बोलता येईल," ती म्हणायची, "पण भांडता यायचं नाही. भांडण आपल्या भाषेतच होतं. आणि जिथे भांडता येत नाही ते गाव आपलं कसलं?"

विलीनीकरण सगळ्यात जास्त हवं होतं ते लुत्सी कांद्रियानला. त्याची लाकूड कापायची गिरणी गावाच्या टोकाला, त्याच्याकडे गावातली अकरा माणसं कामाला. त्याला गिरणीपर्यंत मोठ्या ट्रकांचा रस्ता पाहिजे होता आणि आमची सभा तो दर वर्षी फेटाळत होती. प्लाउन फेटाळणार नव्हतं. लुत्सीने कुणाला धमकी दिली असं मी कधी ऐकलं नाही. त्या दिवशी तो पहिल्या रांगेत बसला आणि त्याने खुर्ची जराशी तिरकी केली. एवढंच. त्या कोनातून सगळा वर्ग दिसत होता.

एकसष्ट लोक होते. चर्चा तासभर चालली. मग गिएरी म्हणाले, "चला, मतदान घेऊ. हात वर करून."

नेसा उठली. "मतदान चिठ्ठीवर घ्या."

नियम असा होता की हजर असलेल्यांपैकी एक पंचमांश लोकांनी मागितलं तर मतदान गुप्त. एकसष्टात म्हणजे तेरा.

"चिठ्ठ्या कशाला?" लुत्सी हसत म्हणाला. "बाई, इथे कुणाला कुणाची भीती आहे काय?"

"भीती नसेल तर चिठ्ठीला हरकत कसली?" नेसा म्हणाली.

मागून कुणीतरी ओरडलं, "चिठ्ठ्या मोजेपर्यंत घरी सूप थंड होईल!" लोक हसले.

गिएरींनी विचारलं, "गुप्त मतदान कुणाला हवंय?"

मी पेन्सिल घेऊन उभी राहिले. हात वर येऊ लागले. म्हाताऱ्यांचे जास्त. उघड विरोध करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना चिठ्ठीची गरजच वाटली नाही. लुत्सीच्या गिरणीत कामाला असलेला दुरी माइसेन भिंतीकडे बसला होता. त्याचा हात खांद्यापर्यंत आला, लुत्सीच्या खुर्चीकडे त्याची नजर गेली, आणि तो हात कानापाशी जाऊन कान खाजवू लागला. हे मी पाहिलं. त्याच्या शेजारच्याने मांडीवरचा हात उचललाच नाही, तेही पाहिलं. एकोणीस वर्षं माणसांचे हात मोजल्यावर कुठला हात वर यायचा थांबलाय ते कळतं.

बारा झाले. मी पुन्हा मोजले. बाराच.

मीही मतदार होते. माझा उजवा हात पेन्सिलीत अडकला होता, पण डावा रिकामा होता. नेसा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत विनवणी नव्हती. ती नुसती वाट बघत होती, जशी शिक्षिका उत्तराची बघते. माझ्या मनात काय आलं ते मला अजून नीट आठवतं. चिठ्ठ्या झाल्या तर ठराव पडेल. पडला तर पुन्हा तीच रिकाम्या खुर्च्यांची पंचायत, तेच सडके पाइप. आणि प्लाउनमधली माझी खुर्ची गेली.

"किती?" गिएरींनी विचारलं.

"बारा," मी म्हणाले.

मग उघड मतदान झालं. बाजूने तेहतीस, विरोधात सत्तावीस. गिएरींनी मत दिलं नाही. तेहतीसमध्ये मी होते.

बाहेर आल्यावर मी नेसाला गाठलं. म्हटलं, "रागावलीस?"

"तू बाजूने मत दिलंस त्याचा राग नाही," ती म्हणाली. "तो तुझा हक्क. पण ज्यांना भीती वाटत होती त्यांना तू झाकून मत देऊ दिलं नाहीस. त्या वर्गात तेवढं एक काम फक्त तुझ्या हातात होतं, मेंगिया."

"बाकीच्यांनी का नाही हात वर केले मग?"

"त्यांना नोकरी होती," असं म्हणून ती गेली. मलाही होती, प्लाउनमधली, हे तिला दोन महिन्यांनी कळलं. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं सोडलं.

विलीनीकरणाने गावाचं वाटोळं झालं असं मी म्हणणार नाही. पाइप बदलले. बस दिवसातून दोनदा यायची ती पाचदा येऊ लागली. लुत्सीचा रस्ता झाला. मी प्लाउनला जाऊ-येऊ लागले; कार्यालयात कॉफीचं यंत्र होतं, खिडकीतून रेल्वे दिसायची.

नव्या गावाच्या पहिल्या सभेला वरून आम्ही दहाबारा जण गेलो असू. क्रीडा संकुलातला मोठा हॉल, तीनशे माणसं, समोर ध्वनिक्षेपक. शेवटी 'इतर विषय' आले तेव्हा नेसा उठली. वरच्या कुरणांकडे जाणारी पायवाट हिमकडा कोसळून वाहून गेली होती, तिच्याविषयी तिला बोलायचं होतं. तिने जर्मनमध्ये सुरुवात केली. व्याकरणात एक चूक नाही. पण प्रत्येक वाक्याआधी ती थांबत होती, आणि त्या प्रत्येक थांब्यात मागे खुर्च्या सरकत होत्या, कोट अंगात चढत होते. आमच्या वर्गात हीच बाई एका दमात चार माणसांना गप्प करायची. अध्यक्षांनी तिचे आभार मानले, विषय संबंधित विभागाकडे पाठवू म्हणाले. ती मध्येच खाली बसली.

इतिवृत्त मीच लिहीत होते. मी लिहिलं: 'एका रहिवाशाने पायवाटेबाबत विचारणा केली.' तिथली तशीच पद्धत होती, नावं लिहीत नसत. लिहून झाल्यावर मी त्या ओळीकडे बघत राहिले. सुरमुंतच्या जुन्या वह्यांत नेसाचं नाव जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. मीच लिहिलेलं.

मी निवृत्त झाले त्या वर्षी दुरी माइसेन बस थांब्यावर भेटला. गिरणी बंद पडली होती. लुत्सीने ती विकून टाकली होती. दुरी आता प्लाउनमध्ये शाळेच्या इमारती सांभाळत होता. इकडचं तिकडचं बोलता बोलता सहज म्हणाला, "त्या दिवशी चिठ्ठ्या झाल्या असत्या ना मेंगियाबाई, तर आम्ही गिरणीतले चौघं तरी विरोधात होतो. आदल्या दिवशी ठरलंच होतं आमचं. जाऊ दे, झालं ते बरंच झालं म्हणा. बस तरी येते."

बस आली, तो चढला. मी चढले नाही. तेहतीसातून चार गेले की एकोणतीस. सत्तावीसात चार मिळवले की एकतीस. एवढा हिशोब करायला मला पेन्सिल लागत नव्हती.

मी तशीच नेसाच्या दारी गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तिने दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि बाजूला झाली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: दुरीचं, चौघांचं, मला मिळालेल्या शब्दाचं, आणि मी ते हात थांबताना पाहिले होते हेही. हे शेवटचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मला माहीत होतं तू पाहिलंस," ती म्हणाली. "मी तुलाच बघत होते ना तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"सभेत? सगळ्यांसमोर? ते चौघं उघडे पडले असते. आणि तूही."

मी म्हणाले, "मला क्षमा कर, नेसा."

तिने कॉफी ठेवली, अक्रोडाचा केक कापला. दोन बशा मांडल्या. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "गुरुवारी मला वेळ असतो."

मी दर गुरुवारी जाऊ लागले. आम्ही पत्ते खेळायचो, गावातल्या आजारपणांविषयी बोलायचो. दोन हिवाळे गेले. ती हसायची, मला चिडवायचीही, डाव हरले की म्हणायची, "प्लाउनला जाऊन हेच शिकलीस होय?" कुणी बाहेरून पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, सगळं पूर्वीसारखं झालं.

पण पूर्वी नेसा मला हक्काने कामं सांगायची. माझं लाकूड आत आणून ठेव, माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल, या पत्राला काय उत्तर देऊ ते सांग. त्या दोन हिवाळ्यांत तिने माझ्याकडे एकदाही काही मागितलं नाही. घसरून मनगट मोडलं तेव्हा तिने शेजारच्यांना फोन केला, मला गुरुवारी कळलं. मी म्हटलं, "मला का नाही बोलावलंस?"

"आलीस ना आज," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने पत्ते वाटू लागली.