खांब आणि मावशी

ताईचा कुत्रा वर्षाचा होत आला, तरी त्यानं कधी शेपूट हलवली नव्हती. दारात कुणीही येवो, हा आपला भिंतीकडे तोंड करून उभा. म्हणून नाव पडलं खांब. वेतात एकटंच पिल्लू, आई बाळंतपणातच गेली, ताईनं बाटलीनं दूध पाजून मांडीवर वाढवला. डॉक्टर म्हणाले, मेंदूची वाढ कुठेतरी अर्धवट राहिली असावी. नक्की त्यांनाही सांगता येईना.

परवा शेजारचा कुत्रा गुरगुरत असताना हा सरळ त्याच्या अंगावर चालत गेला. सोडवायला गेलेल्या भावोजींच्या हाताला टाके पडले. इंजेक्शन देऊन याला संपवायचं, असं त्यांनी ठरवलं. ताईनं हट्ट धरला, एकदा माझ्या धाकटीला दाखवू.

धाकटी म्हणजे मी. बिघडलेली कुत्री सुधारणं हा माझा धंदा. मावशी ही माझी म्हातारी कुत्री नव्या कुत्र्याची परीक्षा घेते. ती गुरगुरली की शहाणं जनावर मागे सरतं. जे सरत नाही, त्याची आशा मी सोडते. मी दिलेला निकाल कधी फिरवत नाही, आणि त्याचा मला माज आहे, असेना का! भावोजींना तसं बजावलं. ते कबूल झाले.

माझ्या अंगणाचं फाटक लावलं आणि खांबला सोडला. तो नाकासमोर चालत निघाला. मावशी गुरगुरली. हा थांबला नाही. तिनं दात दाखवले, तरी हा चालतोच आहे. मर मेल्या, मागे तरी हो, असं मी मनात म्हणत होते. शेवटी मावशीनं त्याचा कान धरला. तो ओरडलाही नाही, नुसता थरथरत उभा राहिला.

मावशीनं कान सोडला. त्याला हुंगलं. मग त्याच्या मानेवर पंजा ठेवून त्याला खाली बसवलं आणि चाटायला लागली. डोळे न उघडलेल्या पिल्लांना ती असंच धरते. एवढं घोडं, पण पडून राहिलं. थरथरही थांबली.

भावोजींनी पट्टा उचलला. "मागे सरला नाही तो. तू शब्द दिला होतास."

"दिला होता," मी म्हटलं. "आता फिरवते. खांब इथेच राहील, मावशीजवळ. पण ताई, तुझ्या घरी तो परत यायचा नाही."

ताईनं मान डोलावली. भावोजी पट्टा खुंटीला अडकवून बाहेर गेले.

जाताना ताईनं फाटकातून हाक मारली. आधी हळू, मग मोठ्यानं. खांब भिंतीकडे बघत राहिला.

"मांडीवर वाढवला गं मी याला," ती म्हणाली.

मी तिचा हात धरला.