शेपट्या राहिलेले पोपट

जमुनाबाईंचं लग्न वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ठरलं आणि देवराज मोहल्ल्यातल्या सगळ्या नातेवाइकांना एकदम कंठ फुटला. कोणी म्हणे आता कशाला, कोणी म्हणे आता नाही तर कधी. त्यांची भाची मेघाश्री मात्र सरळ आपल्या डीटीपीच्या दुकानात जाऊन कॉम्प्युटरसमोर बसली. आत्याची लग्नपत्रिका आपणच करायची, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

आणि केलीही झोकात! वर मध्यभागी गणपती, खाली कन्नड आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी, भोवती पोपटांची वेल. घराण्यात पूर्वी लुगडी छापायचे, त्यांच्या काठांवर असत तसले पोपट. तळाच्या रांगेतल्या पोपटांच्या लांब शेपट्या तिनं थेट कागदाच्या कडेपर्यंत सोडल्या होत्या. पडद्यावर ते इतकं देखणं दिसत होतं की समोरचा चहा निवून गेला तरी तिला भान नव्हतं.

कागद खुद्द नवरदेवांनी आणला. सुब्बराव येलवालचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, विधुर, आणि बोलायला फार संकोची. जाड, सायीच्या रंगाचा हातकागद त्यांनी पत्रिकेच्या मापाचा करून आणला होता.

"कापूनच आणलं मा," ते कानडी वळणानं म्हणाले, "तुला त्रास नको म्हणून."

पहिली पत्रिका प्रिंटरमधून बाहेर आली आणि मेघाश्रीचा चेहरा पडला. चारी बाजूंना कोरी पट्टी, खाली तर चांगली बोटभर. पोपटांच्या शेपट्या साफ उडालेल्या.

तिचे वडील राघवेंद्र खांद्याला पिशवी अडकवून उभेच होते. सरगूरच्या वडीलधाऱ्यांना पहिल्या पत्रिका द्यायला ते दुपारच्या बसनं निघणार होते.

"पूर्ण कागदावर छाप की ग!"

"अप्पा, प्रिंटर कागद कडेला धरून ओढतो. तेवढ्या जागेत तो छापतच नाही."

तिनं सगळं चित्र लहान करून पाहिलं. शेपट्या आल्या, पण अक्षरं इतकी बारीक झाली की सरगूरच्या म्हाताऱ्यांना भिंगच द्यावं लागलं असतं. बिनसमासाची छपाई निवडली, तर एवढा जाड कागद तशा छपाईला चालत नाही, असं प्रिंटरनं कळवलं. मग तिनं पान उलटं फिरवलं. आता मोठी पट्टी वर आली आणि गणपतीचा मुकुट गेला.

"छे छे, हे नको!" राघवेंद्रांनी घाईघाईनं हात जोडले.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून सुब्बरावांनी हळूच विचारलं, "कागद मोठा असता तर झालं असतं का?"

मेघाश्री घुटमळली. मोठ्या कागदावर छापून मग कडा कापल्या असत्या, तर काम झालं असतं. पण त्यांचं तोंड बघून तिला ते म्हणवेना. न बोलताही त्यांना कळलं. ते खाली बघू लागले.

तेवढ्यात जमुनाबाई आल्या. पत्रिका हातात घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ नेली आणि त्यांना असं हसू फुटलं की टेबलाला धरून उभं राहावं लागलं.

"अय्यो मेघा, कावळ्यांनी शेपट्या उपटून नेल्या काय ग ह्यांच्या?"

"आत्या, हसू नकोस. मला रडू येतंय."

"रडायला काय झालं? वेल तर सुंदर आहे. शेपट्याच काढायच्या ना? पेन दे इकडं."

हिरवं स्केचपेन घेऊन त्यांनी कोऱ्या पट्टीत सरसर शेपट्या ओढल्या. पोपट असे डौलात आले की मेघाश्रीनं दुसरी पत्रिका लगेच पुढं सरकवली. जमुनाबाईंनी मात्र ती सुब्बरावांसमोर ठेवली.

"सुब्बराव सर, बसा. लग्न दोघांचं आहे."

"मला चित्र येत नाही हो."

"मला तरी संसार कुठं येतो? बसा!"

सुब्बराव कानापर्यंत लाल झाले आणि बसले. त्यांची पहिली शेपटी कोंबड्याची झाली, दुसरी केरसुणीसारखी. जमुनाबाई हसल्या तसे तेही हसले, आणि हसता हसता येलवालच्या घरामागचं पेरूचं झाड, त्यावर खरोखर येणारे पोपट, असं काय काय सांगू लागले. त्यांना एवढं बोलताना मेघाश्रीनं प्रथमच ऐकलं. ती एकेक पत्रिका छापून पुढं करत राहिली. राघवेंद्रांनी पिशवी खाली ठेवली आणि ओल्या पत्रिका बाकावर वाळत मांडू लागले. बस केव्हाच गेली होती.

"असू दे," ते म्हणाले, "उद्या जातो."

लग्नात जेवणाच्या पंगतीत लोक पत्रिका शेजारीशेजारी धरून शेपट्या ताडून बघत होते. सरगूरच्या एका आजीबाईंनी आपली पत्रिका नवरीसमोर नाचवली.

"हे कुठलं पाखरू ग जमुना? पोपट म्हणावं तर कोंबडा दिसतोय."

जमुनाबाईंनी पत्रिकेकडं पाहिलं, मग शेजारी पाहिलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "ते ह्यांनी काढलंय."